बोल्ट किती आवळावा ?

वैशाखाची दुपार आहे. जळगांवाहून भुसावळकडे जाणारा महामार्ग उन्हानें धगधगत आहे. पूर्वीं सहा क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा व आतां ५३ हा क्रमांक मिळालेला हा रस्ता सुरतेच्या बाजूनें येतो आणि खानदेश-वऱ्हाड ओलांडून नागपुराकडे जातो. जळगांव मागें टाकल्यावर थोड्याच वेळांत नशिराबाद लागतें. या भागांत वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. अशा दुपारीं लिंबाच्या विरळ सावलींत, बॉनेट उघडून उभी असलेली एखादी मोटार दिसली, कीं जाणारे-येणारे म्हणतात, "गाडी तापली." गाडी तापली हें खरें; पण ती उन्हानें तापली, असें मात्र पुष्कळ वेळां नसतें. मोटार बनविणाऱ्यांनीं असें ऊन हिशेबांत धरलेलेंच असतें. ऊन दोष निर्माण करीत नाहीं. आधींच असलेला दोष तें उघडा पाडतें.

अशाच एका गाडीची कल्पना करावी. तींत जळगांवचें एक कुटुंब बसलेलें आहे. वडील गाडी चालवीत आहेत, आई शेजारीं आहे, मागें आजी व नात आहेत. नातीला भुसावळ जंक्शनवर आगगाडींत बसवून द्यावयाचें आहे, कारण दुसऱ्या दिवशीं सकाळीं नागपुरास तिची परीक्षा आहे. नशिराबादच्या अलीकडे उष्णतेचा कांटा तांबड्या रेघेला टेकतो, थंड वारा देणारें यंत्र एकाएकीं गरम फुंकर घालूं लागतें, आणि बॉनेटच्या फटींतून वाफ निघते. वडील गाडी बाजूला घेतात व इंजिन बंद करतात. जवळच्या गॅरेजांतून एक वयस्क मिस्त्री येतो. वडील त्याला सांगतात, "भाऊ, तीन आठवड्यांपूर्वींच पाण्याचा पंप बदलला आहे. पंप नवा, पॅकिंग नवें. बोल्ट तर मीं समोर उभा राहून चांगले दाबून आवळून घेतले होते."

मिस्त्री हंसत नाहीं. तो इतकेंच म्हणतो, "साहेब, तासभर थांबावें लागेल. झांकण आतां उघडायचें नाहीं."

त्या थांबण्यांत शहाणपण आहे. इंजिनांतून फिरणारें पाणी उघड्या पातेल्यांतील पाण्यासारखें नसतें. रेडिएटरचें झांकण आंत सुमारें एका वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवतें, आणि दाब वाढला कीं पाणी उकळण्याची मर्यादाही वाढते. उघड्यावर १०० अंशांना उकळणारें पाणी या दाबाखालीं १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाहीं. त्यांत मिसळलेल्या ग्लायकोलमुळें ही मर्यादा आणखी थोडी वर जाते. स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरचें तत्त्व हेंच. झांकण उघडतांच दाब नाहींसा होतो आणि शंभराच्या वर तापलेलें पाणी त्याच क्षणीं वाफ होऊन तोंडावर उसळतें. अशा रीतीनें हात व चेहरा भाजून घेणारे थोडे नाहींत.

सांध्यांचें महत्त्वही याच दाबावरून ध्यानांत येतें. एखादा सांधा किंचित् पाझरूं लागला, तर नुसतें चमचाभर पाणीच जात नाहीं. त्याबरोबर दाब जातो, आणि दाबाबरोबर ते वरचे वीस अंशही जातात. हिवाळ्यांत हा तोटा कोणाला कळत नाहीं. वैशाखांत, ट्रकांच्या रांगेमागें संथ चालतांना, एसी चालू असतां, तो एकदम प्रकट होतो. अशा वेळीं गाडी तशीच दामटली तर इंजिनाचें डोकें वांकतें, त्याखालचें गॅस्केट जळतें, आणि थोडक्या पैशांच्या सांध्यापायीं सारें इंजिन खोलण्याचा प्रसंग येतो. कांटा वर जातांच ज्यानें गाडी थांबविली त्यानें अर्धें नुकसान वांचविलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

इंजिन निवल्यावर मिस्त्री पंप पाहतो. पंपाच्या ॲल्युमिनियमच्या कवचाचा एक कान तडकलेला आहे. समोरच्या बाजूचा बोल्ट बोटांनीं फिरावा इतका ढिला आहे. त्याच्याखालीं वाळलेल्या कूलंटचा डाग पडला आहे. एक बोल्ट अति आवळलेला आणि दुसरा अपुरा. दोष दोन दिसले तरी त्यांचें मूळ एकच : आवळणाऱ्यानें जोर वापरला, माप वापरलें नाहीं.

बोल्ट दोन वस्तूंना धरून कसा ठेवतो, हें नीट समजलें म्हणजे या चुकीचें स्वरूप स्पष्ट होतें. सर्वसाधारण समजूत अशी, कीं बोल्ट हा खिळ्यासारखा अडकून बसतो, म्हणून जितका घट्ट तितका बरा. वास्तविक बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. तो फिरवून आवळला कीं केसभर ताणला जातो, आणि पुन्हां आंखूड होण्याच्या त्याच्या ओढीमुळें मधले दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. जितका ताण तितकी ओढ, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. आपल्याकडील लोहाराला तो पुस्तकावांचून ठाऊक होता. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवितांना लोहार ती तापवितो, तापून फुगलेली धाव चाकावर बसवितो आणि वर पाणी ओततो. निवतांना धाव आंखडते व चाकाचे सारे लांकडी तुकडे कवटाळून धरते. धाव मोठी झाली तर चाक खिळखिळें होतें. फार लहान केली तर लांकूडच फुटतें. लोहाराचें कसब घणांत नसतें; धाव किती लहान ठेवावयाची, या मापांत असतें.

बोल्टाचेंही तसेंच आहे. अपुरा ताणलेला बोल्ट इंजिनाच्या कंपनानें हळूहळू सैल होतो. मर्यादेपलीकडे ताणलेला बोल्ट लांबतो तो लांबतोच; मग त्याची ओढ वाढत नाहीं, आणि पुढें एखाद्या दिवशीं तो तुटतो. मऊ ॲल्युमिनियममध्यें तर बहुधा बोल्टाआधीं छिद्रांतील आटे झिजून निघतात, किंवा वर सांगितल्याप्रमाणें कान तडकतो. आणि एकाच झांकणाचे चार बोल्ट वेगवेगळ्या जोरानें आवळले, तर झांकण तिरपें बसतें. एका कडेला पॅकिंग चेंगरतें, दुसऱ्या कडेला पाण्याला वाट मिळते.

मग किती आवळावें ? पाण्याच्या व एसीच्या व्यवस्थेंतील पुष्कळसे बोल्ट सहा किंवा आठ मिलिमीटर व्यासाचे असतात. सहा मिलिमीटरच्या पोलादी बोल्टाला सामान्यतः १० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो. आठ मिलिमीटरच्या बोल्टाला २० ते २५. नेमका आंकडा मात्र त्या त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेंत पाहावा, कारण प्लॅस्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भागाला तो याहूनही कमी असूं शकतो. न्यूटन-मीटर हें नांव परकें वाटलें तरी गोष्ट सोपी आहे. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला चार किलोंचें वजन टांगलें, कीं जवळजवळ १० न्यूटन-मीटर पीळ पडतो. चार किलो म्हणजे बाजारांतून आणलेल्या भाजीच्या एका पिशवीचा भार. धडधाकट माणूस त्याच पान्यावर तीस किलोंचा जोर सहज लावतो. म्हणजे जरूर असलेल्या जोराच्या सातपट. "दाबून आवळा" असें सांगणारा गृहस्थ नकळत या सातपटीचीच मागणी करीत असतो.

यांत आणखी एक मेख आहे. पान्यानें दिलेला सगळा पीळ बोल्ट ताणण्याच्या कामीं येत नाहीं. सुमारें निम्मा पीळ बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणांत जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांतील घर्षणांत जातो, आणि उरलेला दहावा हिस्सा काय तो बोल्टाला ताणतो. म्हणून घर्षण थोडें बदललें तरी परिणाम फार बदलतो. आट्यांत गंज किंवा माती असेल, तर पाना मापापर्यंत पोंचतो पण बोल्ट ताणलेलाच नसतो. उलट, जेथें कोरडे आटे सांगितले आहेत तेथें तेल लावलें, तर तोच आंकडा बोल्टाला मर्यादेपलीकडे ओढून नेतो. पुस्तिकेंत कोरडें म्हटलें असेल तर कोरडें, तेल म्हटलें असेल तर तेल; येथें स्वतःची अक्कल चालविण्यास जागा नाहीं. बंद तळाच्या छिद्रांत पाणी किंवा तेल सांचलेलें असेल तर तें आधीं पुसून काढावें. द्रव दाबला जात नाहीं. बोल्ट आंत शिरतांना त्या सांचलेल्या द्रवाचा दाब धातूच फोडतो.

हें माप हाताला कळत नाहीं म्हणूनच टॉर्कचा पाना अस्तित्वांत आला. ठरविलेला पीळ पडतांच तो 'टक्' असा आवाज करतो, किंवा कांट्यानें आंकडा दाखवितो. या पान्याचा इतिहासही मोठा सूचक आहे. न्यूयॉर्क शहराच्या पाणीखात्यांत काम करणाऱ्या कॉनरॅड बार या गृहस्थानें १९१८ च्या सुमारास असा पाना बनविला, असें सांगतात. त्याचें पेटंट १९३७ सालीं मिळालें. जमिनीखालील नळांच्या सांध्यांचे बोल्ट अति आवळले जाऊन तुटत, हीच त्याच्यापुढील अडचण होती. म्हणजे मोटारीच्या पाण्याच्या सांध्याला आज जें दुखणें होतें, त्याच जातीच्या दुखण्यावर हें औषध प्रथम निघालें.

परंतु पाना विकत घेतला म्हणजे काम झालें, असें नाहीं. आवळण्याचा एक क्रम आहे व तो पाळावा लागतो. इंजिन पूर्ण निवलेलें असावें. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुपटीनें प्रसरण पावतें. त्यामुळें गरम इंजिनावर घेतलेलें माप थंड झाल्यावर खरें राहत नाहीं. खानदेशांत उन्हाळ्यांत हें काम पहाटेचें, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर करावें, हें उत्तम. जुन्या पॅकिंगचे अवशेष लांकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनें काढावेत. लोखंडी पातें मऊ धातूवर ओरखडे पाडतें, आणि प्रत्येक ओरखडा ही पाण्याची एक वाट असते. बोल्ट प्रथम बोटांनींच लावावा. त्याला आधीं थोडा उलटा फिरवावा. आटा आट्यांत बसल्याची बारीक जाणीव होते, मग सुलटा फिरवावा. अशा रीतीनें तिरपा आटा पडण्याचें भय राहत नाहीं. सगळे बोल्ट बोटांनीं टेकवून झाल्यावर समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनें, प्रथम निम्म्या मापानें व नंतर पूर्ण मापानें आवळावेत. पाना मुठीच्याच जागीं धरून सावकाश ओढावा. 'टक्' झालें कीं थांबावें. खात्रीसाठीं आणखी एक झटका देण्याची संवय पुष्कळांना असते. तो झटका सारें माप मोडून टाकतो. झालेल्या बोल्टावर रंगाची एक रेघ ओढावी, म्हणजे कोणता झाला व कोणता राहिला याचा घोळ होत नाहीं. काम संपल्यावर पाना सर्वांत खालच्या आंकड्यावर आणून ठेवावा, आणि त्याचा उपयोग गंजलेला बोल्ट सोडविण्याकडे कधींही करूं नये. रबरी नळ्यांच्या पट्ट्यांचीही तीच गोष्ट. पट्टी इतकी आवळूं नये कीं ती रबरांत रुतून नळी कापील.

गाडींतील उष्णता देणारें यंत्र, म्हणजे हीटर, खानदेशांत फारसें कोणी वापरीत नाहीं. म्हणून त्याच्या सांध्यांकडे दुर्लक्ष होतें. पण हीटर हा इंजिनाच्याच पाण्यावर चालणारा एक छोटा रेडिएटर आहे, व तो बैठकीसमोरच्या फळीमागें दडलेला असतो. पायाखालची चटई विनाकारण ओली होणें, गोडसर वास येणें, समोरच्या कांचेवर आंतून चिकट धुकें धरणें, हीं तेथील सांधा पाझरत असल्याचीं लक्षणें होत. पाण्याचें काम झाल्यावर गाडी चालू करतांना हीटर पूर्ण उघडा ठेवावा. म्हणजे त्यांतील अडकलेली हवा निघून जाते. कांटा वर जाऊं लागला असतां, पाणी पुरेसें असेल तर, एसी बंद करून हीटर लावल्यानें इंजिनाची कांहीं उष्णता बाहेर पडते व गाडी सुरक्षित जागीं नेण्यापुरता अवधि मिळतो. वैशाखांत हीटर लावणें हास्यास्पद वाटतें खरें. पण तो एक उपयुक्त तोडगा आहे.

एसीचे सांधे याहून वेगळ्या जातीचे आहेत, आणि तेथें जोराची चूक अधिक महाग पडते. पाण्याच्या बाजूला एका वातावरणाचा दाब, तर कडक उन्हाळ्यांत एसीच्या वरच्या दाबाच्या नळींत पंधरा ते वीस वातावरणांचा दाब असतो. इतका दाब म्हणजे अधिक आवळणें आलें, असें कोणालाही वाटेल. प्रत्यक्षांत येथें गॅस अडविण्याचें काम बोल्ट करीत नाहीं. एका खांचेंत बसविलेलें रबराचें बारीक कडें तें करतें. दोन धातू एकमेकांना टेकले कीं कडें जितकें दबावयाचें तितकें दबून झालेलें असतें. त्यापुढें कितीही आवळलें तरी कडें तिळभरही अधिक दबत नाहीं. आटे मात्र निघतात. म्हणून असा सांधा गळत असेल तर तो पुन्हां आवळणें हा उपाय नव्हे. गॅस रीतसर यंत्रांत काढून घ्यावा, सांधा उघडावा, खांच पुसावी, योग्य जातीचें नवें कडें कॉम्प्रेसरच्या तेलाचें बोट लावून बसवावें, आणि मग मापानेंच आवळावें. तेल कड्याला लावावयाचें असतें, आट्यांना नव्हे.

हा गॅस उगाच हवेंत सोडणेंही योग्य नाहीं. जुन्या एसींतील आर-१२ या वायूनें पृथ्वीभोंवतींच्या ओझोनच्या थराची हानि होते, असें सिद्ध झाल्यावर १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानें त्यावर नियंत्रण आणलें. त्याच्या जागीं आलेला आर-१३४ए ओझोनला हानि करीत नाहीं. पण वातावरण तापविण्याच्या बाबतींत त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या हजार किलोंहून अधिक भारी पडतो. एका मोटारींत असा गॅस अर्ध्या किलोच्या आसपास असतो. चिमूटभर रबराचें कडें चुकलें तर घराचा पैसा जातो, आणि ज्या उन्हापासून बचाव करावयाचा त्या उन्हांतच भर पडते.

हा सारा दोष मिस्त्रींच्या माथीं मारणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. गिऱ्हाईक तासाभरांत गाडी मागतें, इंजिन निवण्याचा वेळ देत नाहीं, मजुरींत घासाघीस करतें, आणि समोर उभें राहून "आणखी आवळा" म्हणतें. मापानें आवळणाऱ्या मिस्त्रीचा हात हलका पडलेला पाहून त्याला त्याच्या कामाचा भरंवसा वाटत नाहीं. घामाघूम होऊन, पान्याला नळी जोडून आवळणारा मिस्त्री त्याला खरा वाटतो. अशा वेळीं मिस्त्री तरी काय करणार ? तो म्हणतो, "आवळला साहेब, आतां जन्मांत सुटायचा नाहीं." आणि पुढच्या खेपेला खरोखरच तो बोल्ट सुटत नाहीं; डोकें तुटून धड आंतच राहतें.

नशिराबादच्या त्या सावलींत उभ्या असलेल्या कुटुंबाचें काय झालें ? नातीला मिळाली ती एस. टी. पकडून पुढें पाठविलें. गाडी सुटण्याआधीं ती भुसावळला पोंचली हें सुदैव. पण सुदैवावर कोणाला प्रवास आंखतां येत नाहीं. नवा पंप जळगांवाहून संध्याकाळीं आला. मिस्त्रीनें मात्र त्या रात्रीं हात लावला नाहीं. सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं, थंड इंजिनावर त्यानें पंप बसविला.

नशिराबाद हें गांव एके काळीं कांचेच्या बांगड्यांसाठीं ओळखलें जाई. इंग्रजी अमदानींतील गॅझेटिअरमध्यें तशी नोंद आहे. बांगडी भरणारा कासार आधीं हात दाबून पाहतो, मगच माप निवडतो. बांगडी लहान असतां जोर केला तर कांच फुटून हातांत रुतते. मोठी निवडली तर मनगटावरून निसटते. कासाराच्या बोटांत तें माप वर्षानुवर्षांच्या संवयीनें आलेलें असतें. मोटारीच्या बोल्टाचें माप बोटांत येत नाहीं. तें पुस्तिकेंत लिहिलेलें असतें व पान्यावर वाचावें लागतें.

शेवटचा बोल्ट 'टक्' करून थांबला, तेव्हां वडील संवयीनें म्हणणार होते, "जरा आणखी." त्यांनीं तो शब्द गिळला व विचारलें, "भाऊ, किती आवळला ?"

मिस्त्रीनें पान्यावरचा आंकडा त्यांना दाखविला, आणि तोच बिलावर लिहून दिला.